सरासरीचें माप

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनें महाराष्ट्रांतील विकासाच्या असमतोलावर १९८४ सालीं सादर केलेला अहवाल ग्रंथ म्हणून वाचण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें. तो रुक्ष आहे खरा; परंतु 'अनुशेष' हा शब्द आपल्या सार्वजनिक व्यवहारांत त्यानेंच दृढ केला. १९५३ च्या नागपूर करारांतील वचनें तोंवर भाषणांतून फिरत होतीं. समितीनें राज्याच्या सरासरीची रेषा ओढून कोणता जिल्हा तिच्या किती खालीं आहे तें मोजलें, व एकंदर तूट सुमारें ३१८६ कोटी रुपयांची ठरविली. तक्रारीस आकडा मिळाला, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये.

आमचा आक्षेप मापावर आहे. जिल्हा हें एकक धरलें कीं जिल्ह्याच्या पोटांतील विषमता झांकली जाते. १९८२ पर्यंत बल्लारपूरची कागदगिरणी, कोळशाच्या खाणी आणि भामरागडचें अरण्य हीं एकाच चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत. त्या सालीं गडचिरोली वेगळा झाला, तरी माणशीं मोजण्याची रीत सुटली नाहीं. आदिवासी भागांत २०,००० लोकांमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हें सरकारी प्रमाण. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गडचिरोलींत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसें राहतात. म्हणजे प्रमाण पुरें पाळलें तरी एका केंद्राच्या वांट्यास सुमारें २७० चौरस किलोमीटर मुलूख येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यांत तितकीं माणसें एकाच चौरस किलोमीटरांत सांपडतात. तेथें अडचण रांगेची, येथें वाटेची. आणि वाटेचा रकाना ह्या हिशेबांत नाहीं.

तो भरून काढावयाचा तर डॉ. प्रकाश आमटे यांचें 'प्रकाशवाटा' हें आत्मकथन अहवालाशेजारीं ठेवावें. १९७३ सालीं हेमलकसा येथें सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही हकीकत वाचतांना, अंतर हेंही रोगाइतकेंच संकट आहे हें पटतें. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडची वाट तुटल्याच्या बातम्या कित्येक पावसाळे आपण वाचीत आलों आहों. अशा दिवशीं पैलतीरावरील इस्पितळ अनुशेषाच्या खात्यांत जमा धरावें काय?

१९९४ सालीं स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० सालीं संपली. पुढें जो कोणी असा अहवाल लिहील त्यानें इमारती अवश्य मोजाव्या. पण भर श्रावणांत रोग्यास तेथवर पोहोंचण्यास किती तास लागतात, तेंही त्याच पानावर नोंदवावें, एवढीच आमची मागणी आहे.