उर्मटपणा कोणाचा?

दलित लेखक ठाम बोलला की प्रस्थापित समीक्षेला तो उर्मट वाटतो. तोच ठामपणा पांढरपेशा संपादकाच्या अग्रलेखात आला की त्याला व्यासंग म्हणतात. हा भेद मला मान्य नाही. परंतु म्हणून आपला प्रत्येक चढा सूर आत्मविश्वासाचाच असतो, असे म्हणायलाही मी तयार नाही.

१९७२ साली ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी बौद्ध स्त्रीची विटंबना झाली. त्या गुन्ह्याला ५० रुपये दंड आणि राष्ट्रगीताच्या अपमानाला ३०० रुपये, हे दोन आकडे ढाल्यांनी शेजारी ठेवले आणि मग राष्ट्रध्वजाविषयी जळजळीत शब्द वापरले. दुर्गाबाई भागवतांसारख्या निर्भीड लेखिकेनेही आक्षेप घेतला. गदारोळ उठला तो शब्दांवर. बाईच्या अब्रूची किंमत मागे पडली. पण ते शब्द न पटणाऱ्यालाही आकडे तपासता येत होते. वाचकाच्या हाती पुरावा ठेवून बोलणारा उर्मट कसा?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांच्या भाषणात बदल मागितले. त्यांनी एक स्वल्पविरामही हलवला नाही. भाषण स्वखर्चाने छापले. आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये घेतलेले आक्षेप छापून त्यांना उत्तर दिले. विरोधकाला आपल्याच पुस्तकात जागा देणे, हा आत्मविश्वास. विरोधकाचे म्हणणे आपल्या सोयीने वाकवून सांगणे, हा उर्मटपणा.

आता आपल्याकडे पाहू. एका नवोदित कवीचा संग्रह अर्धाच वाचून मी निकाल दिला होता. चळवळीत वर्षे घालवली, एवढाच माझा आधार. त्या कवीने विचारले, ‘सर, कोणती कविता?’ मला सांगता आले नाही.

औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद राजाशी बोलण्याआधी भिक्खू नागसेनाने अट घातली होती: वाद पंडितासारखा करणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. कारण पंडित खोडून काढले तरी रागावत नाही. राजा न पटणाऱ्याला शिक्षा देतो. त्या दिवशी मी राजासारखा लिहिले होते. आमच्यावर शतकानुशतके राजासारखे लिहिले गेले. म्हणून तो अधिकार आम्हाला मिळत नाही.