पडण्याने की थांबण्याने?

अद्भुतकथेला विज्ञानाची फूटपट्टी लावणे हा अरसिकपणा होय, असे आपल्या साहित्यविचारात बहुधा गृहीत धरलेले असते. सूर्याकडे झेपावणाऱ्या मारुतीचा वेग किती, असे विचारणाऱ्याकडे पाहून कीर्तनकार हसतो आणि आख्यान पुढे नेतो. ते योग्यच आहे. अमेरिकेतील कॉमिक्सच्या वाचकांनी मात्र हा अरसिकपणा कित्येक दशके निष्ठेने चालविला, आणि निदान एका प्रसंगी त्यातून खरीखुरी समीक्षा निपजली, असे माझे मत आहे.

तो प्रसंग 1973 सालचा. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मालिकेचा 121 वा अंक. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक नायकाच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली लोटतो. नायक जाळ्याचा धागा फेकतो, तो तिच्या पायाला चिकटतो, आणि पाण्यावर आदळण्यापूर्वी ती थांबते. वाचविल्याच्या आनंदात तो तिला वर ओढतो, तर हाती प्रेत येते. गॉब्लिन म्हणतो की इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोचण्यापूर्वीच मरतो. परंतु धागा ताणला जातो त्या चौकटीत, ग्वेनच्या मानेजवळ, ‘स्नॅप’ असा एक इवलासा शब्द छापलेला आहे. वाचकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. अखेर 125 व्या अंकाच्या पत्रव्यवहारात खुलासा आला की मृत्यूचे कारण मानेला बसलेला हिसका हेच होते.

हा वाद पुढे गणिताने तपासला तो मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी, ‘द फिजिक्स ऑफ सुपरहीरोज’ (2005) या पुस्तकात. त्यांची अट साधी आहे: प्रत्येक नायकासाठी एकदा एक चमत्कार मान्य करावा, त्यानंतर मात्र सृष्टीचे नियम मोडू नयेत. ही अट मला वाङ्मयीन दृष्ट्याही मोलाची वाटते. 2004 साली निघालेल्या भारतीय आवृत्तीत मुंबईच्या पवित्र प्रभाकरला ही शक्ती किरणोत्सर्गी कोळ्याऐवजी एका योग्याकडून मिळते. पण वर योग्याचा असो वा कोळ्याचा, गच्चीवरून पडणारी वस्तू त्याच वेगाने पडणार. (आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वाचलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाला अतिमानवी शक्तीच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही!)

आता हिशेब. ग्वेन 300 फूट, म्हणजे सुमारे 90 मीटर, पडली असे धरले तर तिचा वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास येतो. विमानातून उडी घेणारे याहून अधिक वेगाने पडतात आणि जिवंत असतात. तेव्हा गॉब्लिनचे विधान खोटे ठरते. हा वेग धाग्याने अर्ध्या सेकंदात शून्यावर आणला, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ दसपट ओढ बसते, आणि तीही पायाला धरून, मान मोकळी असताना. मारले ते पडण्याने नव्हे, थांबण्याने. गणिताने येथे खलनायकाची सबब हिरावून घेतली आणि दोष नायकाच्या हातावर आणून ठेवला. कथेची सारी शोकात्मता त्या अर्ध्या सेकंदात आहे.

काकालिओस यांचा हेतू अध्यापनाचा असल्याने ते येथून मोटारीतील हवेच्या पिशव्यांकडे वळतात. मला थोडे थांबावेसे वाटते. ग्वेनला तीन सेकंदांत थांबविले असते, तर ओढ वजनाच्या अडीच पटीवर आली असती. मात्र त्यासाठी धागा आणखी 60-65 मीटर ताणला जायला हवा होता. तेवढी जागा खाली होती का? मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन आहे, चित्रात तो ब्रुकलिनचा दिसतो, आणि या ढिसाळपणावर वाचक आजवर हसत आले आहेत. पण पहिल्याचे मनोरे पाण्यापासून 184 मीटर उंच आहेत, दुसऱ्याचे अवघे 84. पहिल्या पुलावर पडणे आणि हळू थांबणे दोन्ही मावतात. दुसऱ्यावर 90 मीटर पडायलाच जागा नाही. शब्द खरा मानला तर नायकाला दुसरा मार्ग उपलब्ध होता. चित्र खरे मानले तर त्याच्या अपराधाचा भार बराच हलका होतो. लेखक व चित्रकार यांनी नकळत दोन वेगळ्या कथा सांगितल्या आहेत.

पुस्तकातील सर्वच उदाहरणे या तोलाची नाहीत. 1938 च्या सुपरमॅनची 660 फुटांची उडी घेऊन त्याच्या जन्मग्रहाचे गुरुत्व पृथ्वीच्या पंधरापट होते असे काढणे मोठे मनोरंजक आहे, पण तो आकडा दहा निघाला काय किंवा वीस निघाला काय, पोरक्या बालकाच्या कहाणीत काही हलत नाही. गणित सुंदर, पण खेळच. ग्वेनच्या बाबतीत आकडा बदलला की अपराधी बदलतो.

2002 च्या चित्रपटात पुन्हा एक पूल आहे आणि पुन्हा गॉब्लिनने सोडून दिलेली मुलगी. या वेळी नायक धागा मागाहून फेकतो. आधी तिच्यामागे स्वतः उडी टाकतो, पडता पडता तिला कवेत घेतो, आणि मग दोघे एका मोठ्या झोक्याने वळतात. 1973 साली संपादकांना पत्रे लिहिणाऱ्यांना त्या उडीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल.