पुन्हा मिळालेल्या भाषेची साक्ष

आत्मकथन वाचताना वाचकाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ज्याने अनुभव घेतला, तोच आता तो सांगत आहे. फिलिप लजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली मांडलेल्या 'आत्मचरित्राचा करार' या संकल्पनेचा गाभाही हाच आहे. लेखक, निवेदक आणि कथनाच्या केंद्रस्थानी असलेली व्यक्ती यांचे एकत्व मुखपृष्ठावरील नावाने हमीपूर्वक सांगितलेले असते. पक्षाघातातून सावरलेल्या व्यक्तीच्या आत्मकथनात मात्र ही हमी अडचणीत येते. आघात मेंदूतील भाषाव्यवहाराच्या भागावर झाला असेल, तर ज्या 'मी'ने तो अनुभव घेतला त्याच्याजवळ शब्द नव्हते. आणि ज्या 'मी'जवळ आता शब्द आहेत, तो त्या अवस्थेतून बाहेर पडलेला आहे. 'पक्षाघात' हा आपला शब्द शरीराची एक बाजू लुळी पडण्याकडे लक्ष वेधतो; या लेखनात मात्र वाचेवरील घावच पुष्कळदा अधिक खोल असतो. बरे झाल्याखेरीज पुस्तक लिहिता येत नाही, आणि बऱ्या झालेल्या भाषेत ती अवस्था जशीच्या तशी उतरत नाही, असा हा पेच आहे.

हा आघात तरुण वयात झालेला असला की पेचात आणखी भर पडते. आत्मचरित्र हे रूढ अर्थाने आयुष्याच्या उतारावर, जगून झालेल्या जीवनाकडे मागे वळून लिहिले जाते. सत्ताविसाव्या वा सदतिसाव्या वर्षी असे जगून झालेले जीवन हाती नसते. शिक्षण, व्यवसाय, संसार हे सारे अर्ध्यावर असते. त्यामुळे वाचकाचे लक्ष पुढे काय झाले याकडे लागते, आणि पुस्तक पूर्ववत होण्याच्या कथेकडे झुकू लागते. आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द वुंडेड स्टोरीटेलर' या ग्रंथात आजारपणाच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्वस्थिती परत मिळवण्याचे, गोंधळाचे आणि शोधाचे. त्यांपैकी गोंधळाचे कथन, माणूस त्या गोंधळात असेपर्यंत, खऱ्या अर्थाने सांगताच येत नाही. पक्षाघाताच्या आत्मकथनाची कसोटी येथेच लागते. लेखक किती बरा झाला, हा वैद्यकाचा प्रश्न झाला. न सांगता येण्याच्या काळाला पुस्तकाने कोणती जागा दिली, हा समीक्षेचा प्रश्न होय.

या प्रकारातील सर्वाधिक गाजलेले पुस्तक म्हणजे जिल बोल्ट टेलर यांचे 'माय स्ट्रोक ऑफ इन्साइट'. लेखिका मेंदूच्या रचनेच्या अभ्यासक. १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला. पूर्णपणे सावरण्यास आठ वर्षे लागली. त्या सकाळचे वर्णन विलक्षण पकड घेणारे आहे. दूरध्वनीच्या आकड्यांचा अर्थ हरपलेला असताना कागदावरचा एकेक आकार यंत्रावरच्या आकाराशी जुळवून पाहण्याची त्यांची धडपड वाचक विसरू शकत नाही. परंतु याच प्रकरणात शंकेलाही जागा आहे. शब्द निसटत असल्याचे सांगणारे वाक्य स्वतः कोठेही अडखळत नाही. अवाक् झालेल्या मनातील विचार पूर्ण, सुघड वाक्यांत येतात आणि त्यांना शास्त्रीय विवेचनाची जोड मिळते. उत्तरार्धात डाव्या मेंदूची बडबड आणि उजव्या मेंदूची शांती अशी जी विभागणी येते, ती मेंदूच्या प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा फार सोपी आहे. आघाताचे रूपांतर लाभात होते, आणि हरवलेल्या वर्षांची किंमत त्या लाभात जमा धरली जाते. लेखिकेच्या प्रामाणिकपणाविषयी येथे संशय नाही. संशय आहे तो भाषेच्या सफाईविषयी. कारण त्या सफाईमुळेच तो काळ झाकला जातो.

लॉरेन मार्क्स यांचे 'अ स्टिच ऑफ टाइम' (२०१७) हे पुस्तक याच पेचाला वेगळ्या रीतीने सामोरे जाते. २००७ साली एडिंबरा येथे गाणे म्हणत असताना मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा फुटून त्या कोसळल्या, वय सत्तावीस. वाचाघात झाला. वाचन, लेखन, बोलणे तर गेलेच, शिवाय मनातल्या मनात चालणारे बोलणेही थांबले. त्या निःशब्द अवस्थेत त्यांना भय वाटले नाही, एक प्रकारची शांतता वाटली. कोणतीही जाणीव शब्दावाचून नसते, ज्ञान शब्दाने ओवलेलेच असते, हे भर्तृहरीचे मत आपल्या परंपरेत सुपरिचित आहे. मार्क्स यांचा अनुभव त्या मताला आव्हान देतो की सूक्ष्म पातळीवर उरलेल्या शब्दाची साक्ष देतो, हा प्रश्न पुस्तक सोडवत नाही. पण तो विचारण्याइतकी सामग्री वाचकाच्या हाती ठेवते. ही सामग्री म्हणजे आजारपणात लिहिलेली दैनंदिनी. तिच्यातील उतारे चुकांसह, मोडक्या रचनेसह पुस्तकात येतात. त्या काळात आपण नीट बोलत आहोत असा लेखिकेचा समज होता. कागद मात्र वेगळेच सांगतो. या तफावतीमुळे वाचकाला दोन 'मी' एकाच पानावर भेटतात. आजारापूर्वीची 'मी' तर तिसरीच, जणू परकी मुलगी वाटते.

असा तत्कालीन पुरावा दुसऱ्याच्या हातचाही असू शकतो. फेबर अँड फेबर या प्रकाशनसंस्थेचे संपादक रॉबर्ट मॅक्क्रम यांना जुलै १९९५ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लंडन येथील घरी एकटे असताना पक्षाघात झाला. विवाहाला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्या 'माय इयर ऑफ' (१९९८) या पुस्तकात पत्नी सारा लायल यांच्या दैनंदिनीतील उतारे समाविष्ट आहेत. येथे आघात उजव्या मेंदूवर होता, भाषा मूलतः शाबूत होती. पण स्वतःकडे बाहेरून पाहण्याची सोय रुग्णाला नव्हती. पत्नीच्या नोंदींतून दिसणारा रुग्ण निवेदकाच्या चित्राला पूरक ठरतो, तसाच कधी छेदही देतो. तेहतिसाव्या वर्षी पक्षाघात झालेल्या क्रिस्टीन ह्युंग-ओक ली यांच्या आत्मकथनात (२०१७) वहीचे स्थान याहून वेगळे आहे. तात्कालिक स्मृती टिकत नसल्याने त्यांनी कित्येक महिने आपली स्मृतीच वहीच्या स्वाधीन केली. तेथे वही हा स्मरणाला दिलेला आधार राहत नाही, ती स्मरणाची जागा घेते.

या विवेचनावर एक आक्षेप रास्त आहे. मोडकी वाक्ये पुस्तकात आली तरी ती निवडणारा हात बऱ्या झालेल्या लेखकाचाच असतो. तेव्हा तुटलेपणही अखेर संपादितच नव्हे काय? होय, तसेच आहे. परंतु स्मृतीतून पुन्हा रचलेले दृश्य आणि त्या वेळी लिहिला गेलेला कागद यांत भेद राहतोच. पहिल्यात लेखकाला विरोध करणारे कोणी नसते. दुसऱ्यात त्याचाच जुना हात त्याला विरोध करतो, आणि लेखक तो विरोध पुसून टाकत नाही. आत्मचरित्राचा करार येथे मोडत नाही. त्यातील एकत्वाचे कलम तेवढे बदलते. 'तो मीच होतो' असे म्हणण्याऐवजी 'तो मी होतो, असे हा कागद सांगतो' अशी कबुली दिली जाते.

या भेदाचे महत्त्व साहित्यशास्त्रापुरते नाही. पक्षाघातानंतर प्रत्येक तरुण रुग्ण पुस्तक लिहिण्याइतका सावरत नाही. अनेकांची वाचा अर्धीच परतते, काहींची परतत नाही. जी पुस्तके वाचली जातात ती सावरलेल्यांची. वाचकांना आणि प्रकाशकांना विजयाची कथा हवी असते, आणि तिच्या प्रकाशात न सावरलेला माणूस प्रयत्नांत उणा ठरतो. घरातील माणसे अशी पुस्तके रुग्णाच्या उशाशी ठेवतात, तेव्हा हा अन्याय प्रत्यक्ष घडतो. तो टाळण्याचे सामर्थ्य कथनाच्या रीतीत आहे. ज्या पुस्तकात अडखळलेले वाक्य अडखळलेलेच राहते, तेथे न सावरलेल्या माणसालाही स्वतःची जागा सापडते. त्या जागेवरूनच या लेखनप्रकाराचे मोल ठरवावे लागेल.