बहुधा पूजेचं असावं

जुन्या वस्तूंच्या बाबतीत एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. वस्तू कशाची आहे हे ज्याला ठाऊक असतं तो माणूस एका वाक्यात सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. ज्याला ठाऊक नसतं तो अर्धा तास बोलतो, मधे चहा घेतो आणि पुन्हा बोलतो. पुण्यात वाडे पाडून इमारती उठायला लागल्यापासून या दुसऱ्या जातीच्या माणसांना फार चांगले दिवस आले आहेत. वाडा पडला की माळा खाली येतो, आणि माळा खाली आला की दोन पिढ्यांनी हात न लावलेली पितळेची, लोखंडाची, लाकडाची अशी काही चमत्कारिक मंडळी अंगणात येऊन बसतात. भोवती घरचे, शेजारचे आणि ज्यांचा काही संबंध नाही असे लोक जमतात. मग कुणीतरी ती वस्तू हातात घेतो, वजन करून पाहतो, उलटी करतो, तिच्यात डोळा घालतो आणि म्हणतो, "बहुधा पूजेचं असावं."

या वाक्यावर माझा जुना राग आहे. वस्तूचा उपयोग सांगितला की तो तपासता येतो. हे बी काढायचं आहे म्हणालात, तर बी काढून दाखवा. हे तेल ओतायचं आहे म्हणालात, तर तेल ओता, सांडलं तर तुम्ही हरलात. पण पूजेचं म्हटलं की विषय संपला. पूजेत काय चालत नाही? तेव्हा हे उत्तर चूक ठरण्याची सोयच नाही, आणि जे चूक ठरू शकत नाही ते उत्तर म्हणून फुकट, असं माझं मत आहे.

हा रोग आपल्याच आळीतला आहे असं मात्र समजू नका. जगातले मोठमोठे उत्खननवाले याच वाटेने गेलेले आहेत. डेव्हिड मॅकॉले नावाच्या चित्रकार-लेखकाने 1979 साली 'मोटेल ऑफ द मिस्टरीज' नावाचं एक पुस्तक काढून त्यांची मनसोक्त थट्टा केली. गोष्ट इसवी सन 4022 मधली. विसाव्या शतकातलं एक साधं अमेरिकन मोटेल जमिनीखाली सापडतं आणि संशोधकसाहेब ठरवतात की हे थडगं आहे. टेलिव्हिजन हा महावेदी ठरतो. संडासाच्या भांड्यावरची बैठक ही पवित्र कंठभूषण ठरते आणि एक बाई ती गळ्यात घालून उभी राहते. थट्टा असली तरी तर्काची रीत हुबेहूब तीच आहे. आपल्याला कळत नाही ते पवित्र!

आता आपल्या वज्रीचं घ्या. मुठीत मावणारी पितळेची वस्तू. वर मोर, हत्ती, घोडेस्वार, काय वाटेल ते. काहींच्या पोटात खडे किंवा घुंगरू असतात, हलवली की वाजते. खालची बाजू मात्र खरखरीत, आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी पाडलेली. ही वस्तू पाहून सुशिक्षित माणसं काय काय म्हणालेली मी ऐकली आहेत. एक म्हणाले, कागदावर ठेवायचं वजन. दुसऱ्यांच्या मते कापडावर नक्षी उठवायचा ठसा. तिसरे, वाजते म्हणून, तान्ह्या मुलाचा खुळखुळा (त्या वजनाचा खुळखुळा ज्या मुलाच्या हाती दिला असेल त्याच्या कपाळाचं काय झालं असेल, देव जाणे). हिचं नाव वज्री आहे असं सांगितल्यावर आमच्या एका मित्राच्या तोंडाला पाणी सुटलं, कारण त्याला फक्त खाटकाकडे मिळणारी वजरी माहीत होती. सगळ्यांनी मोर पाहिला, हत्ती पाहिला, पण खालची बाजू कुणी नीट पाहिली नाही. खालचे दात मधोमध गुळगुळीत झालेले होते आणि कडेला शाबूत होते. म्हणजे ती कशावर तरी घासली जात होती, आणि ते कशावर तरी मधे फुगीर होतं. टाच! न्हाणीघरात बसून टाचेची भेगाळलेली कातडी घासायचं ते साधन. ज्या बाईने ते वापरलं तिला त्यात गूढ काही नव्हतं. पायाला भेगा होत्या, एवढंच.

कोरीव काम फसवतं आणि झीज खरं बोलते. पण आपण मात्र कोरीव कामाकडे बघत बसतो.

भोकाच्या बाबतीत तर आपली अक्कल आणखीच कमी चालते. आमच्या नात्यातल्या एका घरी तांब्याची एक पातळशी वाटी निघाली. बुडाला बारीक भोक. वहिनी कामसू. त्यांनी ती चिंचेने लख्ख केली आणि भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून भोकाला डाख देऊन आणली. "गळत होती हो, आता कशी छान झाली!" मी म्हटलं, "वहिनी, हे घटिकापात्र होतं. ते गळायचंच असतं!" पाण्याने भरलेल्या घंगाळात ही वाटी तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि वाटी बुडते. बुडली की एक घटिका झाली, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटिकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त जोशीबुवा याच वाटीवर नजर ठेवून साधत. भोक केसभर मोठं झालं तर वाटी लवकर बुडणार आणि नवरानवरी वेळेआधीच बोहल्यावर उभी राहणार, इतकं ते भोक नाजूक. वाटीतला सगळा कारागिरीचा भाग म्हणजे ते भोक, आणि नेमकं तेच दुरुस्त झालं. वहिनी आता तीत गुलकंद ठेवतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडचं सोडा, साहेबाच्या देशात शास्त्रशुद्ध काम असतं. तर त्यांच्या घरचंही ऐका. रोमन काळातली ब्राँझची एक वस्तू युरोपात सापडते. आतून पोकळ, बारा पैलू, प्रत्येक पैलूला वेगवेगळ्या मापाचं गोल भोक आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोळी. 1739 साली इंग्लंडात पहिलीची नोंद झाली आणि आजवर शंभरावर सापडल्या आहेत. 2023 साली लिंकनशरमधल्या नॉर्टन डिस्ने गावी स्थानिक हौशी मंडळींना खणताना एक जवळजवळ अखंड मिळाली. सापडतात त्या ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी या बाजूला. खुद्द रोमकडे नाहीत. कुठल्याही रोमन लेखकाने त्यांचा उल्लेख केलेला नाही. तर्क मात्र पुष्कळ. मेणबत्तीचं घर, फासा, जमीन मोजायचं यंत्र. एका मताप्रमाणे हातमोजे विणायचा साचा. तसे मोजे खरोखर विणूनही दाखवले गेले, पण सुयांचं विणकाम त्या काळी तिकडे कुणाला येतच नव्हतं असं अभ्यासक म्हणतात. आणि मुख्य अडचण अशी की या वस्तूंवर वापराची म्हणावी तशी झीज दिसत नाही. मग शेवटी पंडित कुठे आले? धार्मिक असावं! म्हणजे आमच्या अंगणातल्या काकांपर्यंत.

पण याच युरोपातल्या संशोधकांचं एक काम मला फार आवडलं. फ्रान्समध्ये दोन जागी जनावराच्या बरगडीचे, टोकाला गुळगुळीत केलेले हाडाचे चार तुकडे मिळाले. वय सुमारे 50,000 वर्षं, म्हणजे आपल्या जातीच्या नव्हे तर निअँडरथल माणसाच्या हातचे. हे 2013 साली जाहीर झालं. त्यांना कुणी राजदंड म्हटलं नाही, ताईतही म्हटलं नाही. कारण हुबेहूब तसली हत्यारं चामडं काम करणारे कारागीर अजून वापरतात, कातडं घोटून मऊ आणि चकचकीत करायला. हातात हत्यार असलेल्या माणसाकडे बघितलं आणि उत्तर मिळालं.

आपल्याकडे हे बघणंच होत नाही. विचारायचं कुणाला, तर प्राध्यापकाला. तांबटाला, सुताराला, चांभाराला, शेतावरच्या बाईला नाही. या माणसांना उत्तर येतं, पण ती सभेला बोलावली जात नाहीत. आणि वस्तूपेक्षा माणूस लवकर संपतो. पितळ दोनशे वर्षं माळ्यावर पडून राहील, पण "हे कशाचं गं, आजी?" याचं उत्तर एका थंडीत जातं. शेराची, मापट्याची, चिपट्याची मापं 1956 च्या मेट्रिक कायद्याने बाजारातून घालवली ते ठीक. कोळवं आणि निळवं हे शब्द मात्र कुठल्या कायद्याने घालवले नाहीत. ते न विचारल्यामुळे गेले. चार चिपटी म्हणजे एक शेर, हे आज किती घरांत सांगता येईल? मापट्यात पेनं उभी करतात ती घरं मला माहीत आहेत.

म्हणून शुक्रवार पेठेतल्या दिनकर केळकरांबद्दल मला आदर आहे. कवितेत स्वतःला 'अज्ञातवासी' म्हणवणाऱ्या या गृहस्थाने अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातली साधनं अशा वेळी गोळा केली, की तेव्हा लोक त्यांना मोडीत घालत होते. बालवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली तो हजारो वस्तूंचा संसार सरकारला देऊन टाकला. त्यांचं मोठेपण मला संख्येत वाटत नाही. त्यांनी घेतलं तेव्हा ते वापरणारे हात अजून शाबूत होते. आज तीच वस्तू जुन्या बाजारातून घेणाऱ्याला फक्त पितळ मिळतं.

परवा महामार्गावरच्या एका 'अस्सल ग्रामीण' थाटाच्या हॉटेलात गेलो होतो. भिंतीवर सुपं, कोनाड्यात जातं आणि आमच्या टेबलावर लाकडी वाडग्यासारखं काहीतरी उलटं टांगून त्यात दिवा सोडलेला. बुडाला तीन भोकं, त्यांतून प्रकाशाच्या तीन गोल टिकल्या छतावर पडलेल्या. शेजारच्या टेबलावर वाद रंगला होता. एक जण म्हणत होता फुलदाणी, एक जण धूप जाळायचं. "पूजेचंच असणार," एक बाई म्हणाल्या. मी पोळ्या आणणाऱ्या पोऱ्याला विचारलं, "काय रे हे?"

"चाडं हाय की, साहेब," तो वर न बघताच म्हणाला. "पेरणीचं. आमची आय मूठ धरायची त्याच्यावर. तीन भोकं, म्हंजी तिफण. बी ह्यातनं नळ्यात, नळ्यातनं फणात."

"मूठ धरायची म्हणजे?"

"बी सारखं पडाय पायजे ना. मूठ सैल झाली तर एक तास दाट, एक पातळ. समद्यांला जमत न्हाई." मग त्याने एकदा त्या दिव्याकडे पाहिलं. "उलटं टांगलंय पण."

आणि तो शेजारच्या टेबलावर ताक द्यायला गेला. तिथे त्याला कुणी काही विचारलं नाही.