पात्रसंगम आणि द्वंद्वखेळ : ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’चा विचार

कीर्तन, पुराण आणि दशावतारी नाटक यांवर ज्याचा कान घडला आहे अशा कोकणातील श्रोत्याला रामकथेतील हनुमंत पांडवकथेतील अर्जुनासमोर उभा राहिला तर त्यात विपरीत असे काहीच वाटत नाही. सेतूपाशी दोघांची गाठ पडते, श्रीरामाने दगडांचा सेतू का बांधला, बाणांचा का नाही, अशी शंका अर्जुन बोलून दाखवतो, पैज लागते, आणि अखेरीस हनुमंत अर्जुनाच्या ध्वजावर जाऊन बसतो. दोन ग्रंथांची वेस ओलांडून झालेल्या या भेटीला कारण आहे व तिला परिणामही आहे. कृष्णार्जुनयुद्धाच्या कथेतही हेच दिसते. गय गंधर्वाला मारण्याची प्रतिज्ञा एकाने केलेली, त्यालाच अभय देण्याचे वचन दुसऱ्याच्या गळ्यात पडलेले. म्हणून एरवी कधीही परस्परांवर शस्त्र न धरणारे दोघे समोरासमोर येतात. निमित्त नसेल तर वीर एकत्र यावयाचे नाहीत, असा या परंपरेचा एक अलिखित नियमच होता असे म्हणावयास हरकत नाही.

हा नियम बाजूला ठेवून, केवळ कोण कोणाशी कसा लढेल हे पाहण्याच्या कुतूहलावर उभा राहिलेला एक प्रकार गेल्या काही दशकांत घरगुती खेळयंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, स्थिरावला आहे. निरनिराळ्या खेळांतील पात्रे एका रिंगणात आणून त्यांचे द्वंद्व लावणाऱ्या या प्रकाराला ‘पात्रसंगम’ म्हणता येईल. निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ हा खेळ त्याचे सर्वांत विस्तृत उदाहरण होय. मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली तो ७ डिसेंबर २०१८ रोजी स्विच या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर आलेल्या या मालेतील पहिल्या खेळात १२ योद्धे होते. ‘अल्टिमेट’मधील योद्ध्यांची संख्या ऑक्टोबर २०२१ पर्यंत ८९ वर गेली. मराठीत अशा खेळांविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा मुलांच्या अभ्यासाच्या काळजीपोटी. ती काळजी रास्त असेलही. परंतु ज्या कृतीत अनेक कथाविश्वांचे संकेत एका नियमव्यवस्थेत बसविलेले आहेत, तिची परीक्षा कृती म्हणून व्हावयास हवी, आणि या कामी भाषाविचाराची साधने अनपेक्षितपणे उपयोगी पडतात.

प्रथम खेळाची रीत. सामान्य द्वंद्वखेळात प्रत्येक योद्ध्याची प्राणशक्ती एका पट्टीने दाखविलेली असते. ती संपली की तो हरतो. येथे तशी पट्टी नाही. योद्ध्याला इजा होईल तसतसा त्याच्या टक्क्यांचा आकडा चढत जातो, आणि आकडा जितका मोठा तितका तो पुढील आघाताने अधिक दूर फेकला जातो. रंगमंचाच्या सीमेबाहेर गेला की तो बाद. कळा थोड्या असून एका कळेला दिशेची जोड दिली की निराळी कृती घडते. हीच येथील सामाईक व्याकरणव्यवस्था, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपले म्हणणे तिच्यातच मांडावे लागते.

या व्यवस्थेचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. साकुराई व सातोरु इवाता यांनी हॅल लॅबोरेटरीत तिचा पहिला नमुना बनविला तेव्हा त्यात कोणतीही परिचित पात्रे नव्हती. होत्या त्या केवळ अनामिक आकृती. घरी बसून खेळणाऱ्याला योद्धा कोण हे पाहताक्षणी कळले पाहिजे, या विचाराने पुढे मारिओ, लिंक, कर्बी आदी निन्टेन्डोची पात्रे त्यात आली. म्हणजे व्याकरण आधी सिद्ध झाले आणि शब्द मागाहून. एरवीच्या कथासंगमात हा क्रम नेमका उलटा असतो.

आता प्रश्न असा की उसने आलेले शब्द या व्याकरणात आपला मूळ उच्चार टिकवतात काय? येथेच या खेळाचे खरे सामर्थ्य आहे. ‘स्ट्रीट फायटर’ (१९८७) या मालेतील र्यू हा योद्धा घ्या. मूळ खेळात त्याचा ‘हाडोकेन’ हा ऊर्जागोल सोडण्यासाठी दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोशाची कळ दाबावी लागते. ‘अल्टिमेट’मध्ये तोच गोल एका कळेने सुटतो, मात्र एखाद्या जाणत्याने जुनीच पाव वर्तुळाची खूण केली तर तो अधिक जोराने सुटतो. एवढेच नव्हे, दोघांचेच द्वंद्व असेल तेव्हा र्यू आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून राहतो, कारण त्याच्या मूळ घरी तशीच रीत होती. परका शब्द नव्या भाषेतील कोणालाही उच्चारता येतो, पण मूळ उच्चार जाणणाऱ्याला त्याचे थोडे अधिक फळ मिळते, अशी ही मोठी हुशारीची योजना आहे.

‘फेटल फ्युरी’ (१९९१) मधील टेरी बोगार्डच्या बाबतीत याहून नाजूक अनुवाद साधला आहे. एसएनके कंपनीच्या त्या परंपरेत प्राणशक्ती संपत आली की योद्ध्याला निर्वाणीचे आघात करता येतात. येथे तर प्राणशक्तीची पट्टीच नाही! तेव्हा टेरीची इजा १०० टक्क्यांवर गेली की ते आघात खुले होतात. घटत्या पट्टीचा अर्थ चढत्या आकड्याने सांगितला आहे. शब्दास शब्द न देता प्रयोजनास प्रयोजन देणारा अनुवाद कसा असतो, हे दाखविण्यासाठी अनुवादाच्या वर्गात हे उदाहरण खुशाल घ्यावे.

आदान दोन प्रकारचे असते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावयास नको. ‘ऑफिस’ या शब्दाला आपल्या तोंडवळणी पाडून आपण त्याचे ‘हापीस’ केले. तेथे पाहुणा बदलला. पुढे ‘ऑफिस’, ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ हे उच्चार जसेच्या तसे ठेवण्यासाठी ‘ऑ’ हा स्वर व त्याचे चिन्ह मराठीने पदरी घेतले. तेथे यजमान बदलला. टेरी हा पहिल्या प्रकारातला. दुसऱ्या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये आलेला ‘माइनक्राफ्ट’चा स्टीव्ह. त्याच्या मूळ खेळाचा प्राणच मुळी जमीन खणणे, लाकूड-दगड-लोखंड गोळा करणे व ठोकळे रचणे हा आहे. ते काढून घेतले तर उरतो केवळ एक चौकोनी माणूस. म्हणून येथेही तो खणतो, साहित्य जमवतो, हत्यारे घडवतो आणि हवेत ठोकळे मांडतो. आणि हे ठोकळे कोठेही मांडता यावेत यासाठी शंभराहून अधिक रंगमंचांवर कर्त्यांना पुन्हा हात फिरवावा लागला. एका शब्दासाठी साऱ्या भाषेची ध्वनिव्यवस्था तपासून घेण्याचा हा उद्योग व्यवहाराच्या दृष्टीने अतिरेकी वाटेल; कलेच्या दृष्टीने तो या कृतीतील सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

परंतु पाहुण्यांची अशी बडदास्त ठेवणाऱ्या घरात घरच्याच एका पात्राची आबाळ झाली आहे. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ मालेतील खलनायक गॅनोनडॉर्फ १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये ऑर्गन वाजवीत नायकाची वाट पाहतो व प्रकाशाचे गोळे फेकून लढतो. २००१ साली तो स्मॅशमालेत आला तेव्हा त्याला शरीरचेष्टा मिळाल्या त्या कॅप्टन फाल्कन या मोटारशर्यतीतील वीराच्या. दरबारी राक्षसाच्या तोंडी गाडीवानाची भाषा घातल्यासारखा हा प्रकार होय. २०१८ मध्ये काही आघातांपुरती तलवार त्याच्या हाती देण्यात आली. बाकीची बोली उसनीच राहिली. मजा अशी की स्वतः फाल्कनच्या या भाषेलाही मूळ आधार नाही. १९९० च्या ‘एफ-झीरो’त तो वाहन हाकतो, कोणाला ठोसे मारीत नाही. त्याची बोली या मालेने निर्माण केली आणि ती त्याला शोभली. शोभली म्हणून ती दुसऱ्यालाही चढविली. चेहरा, पोशाख व आवाज जुळले म्हणजे पात्र आले, ही समजूत किती अपुरी आहे हे येथे दिसते. पात्राची ओळख त्याच्या क्रियापदांत असते.

भाषेचा प्रश्न आणखी एके ठिकाणी अक्षरशः उपस्थित होतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६ पासून) हा आज्ञांच्या यादीतून निवड करीत लढण्याचा खेळ. त्याचा नायक जुलै २०१९ मध्ये येथे आला तो ती यादी बरोबर घेऊन. कळ दाबताच चार मंत्रांची नावे प्रकटतात; ती दर खेपेस निराळी असतात, आणि त्यांतील एक क्षणार्धात वाचून निवडावे लागते. साऱ्या रिंगणात हात चालत असताना हा एकटा वाचत उभा असतो. यांतील एका मंत्राचे जपानी नाव ‘गिरा’. ‘गिरागिरा’ म्हणजे डोळे दिपविणारे चमकणे, या अनुकरणवाचक शब्दाशी त्याचे नाते आहे. संस्कृत ‘गिरा’ आठवून येथे वाणीचा संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. इंग्रजीत त्याचे ‘सिझ’ झाले. तेथे प्रकाश जाऊन तेलात तळल्याचा आवाज आला, परंतु अनुकरणाचे तत्त्व राहिले. मराठीत एखाद्याने ‘लखलख’ वा ‘चुर्र’ म्हटले असते. ती वेळ आलेली नाही, कारण या खेळाच्या भाषांत एकही भारतीय भाषा नाही. रत्नागिरीतील खेळाडूला हे मंत्र परभाषेतच आणि तेही झटपट वाचावे लागतात.

येथवर गुण पाहिले. आता निमित्ताकडे वळावयास हवे. १९९९ च्या पहिल्या खेळाच्या आरंभी हातमोजा घातलेला एक प्रचंड हात खोक्यातून बाहुल्या काढून टेबलावर मांडतो, चुटकी वाजवतो, आणि खोलीचे रणांगण होते. ही कल्पना लहान पण अचूक होती. आपल्याकडील मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मातीच्या मावळ्यांशेजारी प्लास्टिकचे सैनिक, एखादा वाघ आणि चाक मोडलेली मोटार सुखाने नांदतात. तेथे ‘हे एकत्र का?’ असे कोणी विचारीत नाही, कारण मांडणारा हात समोर असतो. तोच हात खेळाच्या शेवटी प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहतो, यात तर थोडे काव्यही आहे. ‘अल्टिमेट’ने या साध्या निमित्तावर समाधान मानले नाही. ‘वर्ल्ड ऑफ लाइट’ या कथाभागात गलीम नावाची प्रकाशशक्ती कर्बीखेरीज सर्वांना ग्रासते व त्यांच्या प्रतिमा गुलाम म्हणून वागवते. मग त्यांच्याशी लढून एकेकाला सोडवावयाचे. कारण दिले, पण ते सर्वांना एकच दिले. र्यूशी लढण्याचे आणि पिकाचूशी लढण्याचे कारण जर तेच असेल तर ते कारण नव्हे, ती सबब होय. तेराशेहून अधिक ‘स्पिरिट’ नामक चित्रे गोळा करण्याचा जो पसारा मांडला आहे त्यात क्वचित चातुर्य दिसते. एखाद्या अनुपस्थित पात्राचा आभास उपस्थित योद्ध्यांच्या वेषांतराने व मांडणीने निर्माण केलेला असतो. बहुतांश भाग मात्र नामावळीचा आहे.

यापेक्षा मोठी उणीव वाणीची. दशावतारात लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरलेले असते आणि नट आयत्या वेळी बोलतात. दोन वीर समोर आले की आधी वाद रंगतो, कुळ, वचन, धर्म यांचा हिशेब होतो, आणि मगच मृदंगाच्या बोलावर युद्धाची पावले पडतात. पूर्वरंगातील संकासुर तर भारदस्त भाषेत बोलणाऱ्या देवांमध्ये मालवणी बोलून साऱ्या सभेला हसवतो. भाषांची ही गाठच तेथे खरा पात्रसंगम घडविते. ‘अल्टिमेट’मधील योद्धे आरोळ्या देतात, नाव पुकारतात, क्वचित एखादे ठरीव वाक्य बोलतात, परस्परांशी बोलत नाहीत. हे माध्यमाचे बंधन म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच खेळात एका विशिष्ट रंगमंचावर ‘मेटल गिअर’चा स्नेक गुप्तपणे खूण करून आपल्या सहकाऱ्यांना बिनतारी यंत्रावरून विचारतो की समोर उभा आहे तो कोण, आणि मिळणारी उत्तरे मिस्कील, क्वचित टीकात्मक असतात. पिट हा योद्धाही पालुटेना देवीशी असाच बोलतो. म्हणजे कर्त्यांना ही गोष्ट सुचलेली होती. त्यांनी ती एका कोपऱ्यात दडवून ठेवली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) पात्रसंगम नव्हे, पण याच स्विचवर आलेल्या त्या खेळात कथानिवेदन दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून होते, आणि त्याने खेळाला बाध येत नाही. उद्या कोणी आपल्या आख्यानांतील वीर अशा रिंगणात उतरविणार असेल, तर त्याने ‘अल्टिमेट’पासून पात्रांच्या क्रियापदांविषयीचा आदर घ्यावा, वादाची जागा मात्र जत्रेतल्या मांडवात शिकावी.

कोणाला कोणाशी भेटवता येईल, हा प्रश्न या खेळात शेवटी स्वामित्वाच्या हक्कांवर येऊन थांबतो. मोरिस लब्लाँ यांनी आपल्या आर्सेन ल्युपाँसमोर शेरलॉक होम्सला उभे केले तेव्हा कॉनन डॉइल यांच्या आक्षेपामुळे नावाची अक्षरे फिरवून त्याचा ‘हर्लॉक शोम्स’ करावा लागला. १९०८ च्या पुस्तकात तो याच नावाने वावरतो. त्याच आर्सेनची छाया ‘पर्सोना ५’च्या जोकरमागे ‘अल्टिमेट’मध्ये उभी राहते, हा एक मनोरंजक वंशवृक्ष. हनुमंताला अर्जुनाकडे पाठविणाऱ्या कथाकाराला कोणाची संमती मागावी लागली नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला अखेरचा योद्धा सोरा हा ज्या ‘किंग्डम हार्ट्स’मधून येतो तो खेळ स्वतःच डिस्नेच्या पात्रांशी झालेला संगम आहे, परंतु येथे ती पात्रे त्याच्याबरोबर आली नाहीत. त्याच्या किल्लीच्या आकाराच्या शस्त्राला एक साखळी लोंबते, तिच्या टोकाला मिकीच्या डोक्याची एक बारीकशी आकृती तेवढी दिसते.