प्रतिमेआधीची नोंद : आपत्ती-प्रतिसादकांच्या मेंदू-प्रतिमांकनाचे संशोधन आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा संदर्भ

आपत्ती आणि आरोग्य यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुतेक वेळा आपद्ग्रस्तांच्या बाजूने होतो आणि ते स्वाभाविकही आहे. मृतांचा आकडा, जखमींवरील उपचार, वारसांना जाहीर झालेली मदत एवढ्यावर घटनेची नोंद पुरी होते. ढिगाऱ्यात उतरलेला अग्निशामक, आपत्ती प्रतिसाद दलाचा जवान, रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातील कर्मचारी ही माणसे ‘मदतकार्य युद्धपातळीवर सुरू होते’ अशा कर्ता हरवलेल्या वाक्यात येतात आणि तेथेच संपतात. या माणसांच्या मेंदूचे पंधरा-वीस वर्षांनंतर काय होते, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये चिकाटीने विचारला गेला. त्या संशोधनाची पारख करणे आणि ते ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यातील दलांना कितपत उपयोगी पडते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

11 सप्टेंबर 2001 रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले, तेव्हा सिमेंटची भुकटी, काचतंतू, अ‍ॅस्बेस्टॉस, शिसे आणि अर्धवट जळालेल्या पदार्थांचे कण यांचा ढग उठला. ढिगाऱ्यातील आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. तेथे काम केलेल्या हजारो प्रतिसादकांच्या नियमित आरोग्यतपासणीची व्यवस्था पुढे उभी राहिली आणि तिचे एक केंद्र लाँग आयलंडवरील स्टोनी ब्रूक विद्यापीठात आहे. तेथील शॉन क्लाउस्टन, बेंजामिन लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 818 प्रतिसादकांच्या बोधनक्षमतेच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 12.8 टक्के लोकांत बोधनक्षमतेचा ऱ्हास आढळला. ही माणसे प्रामुख्याने मध्यम वयाची होती, हे येथे महत्त्वाचे.

2020 साली याच गटाने मेंदूच्या एम.आर.आय. प्रतिमांवर आधारित अभ्यास पुढे आणला. मेंदूचे बाह्यपटल जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे असते. वयानुसार ते पातळ होते, आणि अल्झायमरसारख्या विकारांत अधिक वेगाने पातळ होते. ऱ्हास आढळलेल्या प्रतिसादकांत हे पटल ऱ्हास नसलेल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत पातळ असल्याचे दिसले आणि हा फरक मेंदूच्या एकाच कोपऱ्यापुरता नव्हता. आघातोत्तर ताणविकृती असो वा नसो, तो दिसत होता. म्हणजे ‘मनाला बसलेला धक्का’ एवढ्या स्पष्टीकरणाने हा ऱ्हास उलगडत नाही, असा त्याचा सुचवलेला अर्थ.

हा निष्कर्ष लक्षवेधी आहे. परंतु तो वाचताना काही गोष्टी नजरेआड होऊ देता कामा नयेत. अभ्यासातील प्रतिसादकांची संख्या 99 होती. 2025 मध्ये मेंदूतील करड्या व पांढऱ्या द्रव्याच्या सीमेवरील फरकाचा ताणविकृतीशी संबंध दाखवणारा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही प्रतिमा 99 जणांच्याच आहेत. एकाच मूठभर मेंदूंकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी पाहिले जात असेल, तर शोधनिबंधांची संख्या वाढली म्हणून पुरावा त्याच प्रमाणात वाढला असे मानता येत नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. या माणसांच्या मेंदूच्या 2001 पूर्वीच्या प्रतिमा तुलनेसाठी नाहीत. एकाच वेळी घेतलेल्या प्रतिमांत दोन गटांतील फरक दिसतो. पटल पातळ ‘होत गेले’ की काहींचे आधीपासूनच पातळ होते, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे एका माणसाचे निदान नव्हे. वृत्तपत्रीय मथळ्यांत हा विवेक हरवतो, आणि कधी कधी विद्यापीठांच्या प्रसिद्धिपत्रकांतही.

धूळ आणि धसका यांची विभागणी तर जवळजवळ अशक्य आहे. जो जवान ढिगाऱ्यावर अधिक काळ राहिला, त्याच्या फुप्फुसात धूळ अधिक गेली आणि त्याच्या हाताला मृतदेहही अधिक लागले. संख्याशास्त्रीय पद्धतीने दोहोंना वेगळे काढण्याचा प्रयत्न करता येतो, पण वास्तवात ते एकाच माणसाच्या एकाच रात्री घडलेले असते.

या सर्व संशोधनातील सर्वांत बळकट पुरावा प्रतिमेतून आलेला नाही. जून 2024 मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 5,010 प्रतिसादकांचा काही वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्यापैकी 228 जणांना वयाच्या 65 वर्षांपूर्वीच स्मृतिभ्रंश झाला. सर्वांत कमी संपर्क असलेल्या गटात हे प्रमाण हजार व्यक्तिवर्षांमागे 2.95, तर सर्वाधिक संपर्काच्या गटात 42.37 होते. येथे चुंबक नाही, संगणकीय रंगचित्रे नाहीत. कोण कोठे काम करीत होता, किती काळ, धुळीच्या ढगात सापडला होता काय, तोंडावर मुखवटा होता काय, अशा साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर ही वर्गवारी उभी आहे. (सहभागींत नव्वद टक्क्यांहून अधिक पुरुष होते, ही त्याची मर्यादा, आपल्या दलांची रचना पाहता मात्र ती आपल्याला फारशी आडवी येणार नाही.) प्रतिमांकनाला अर्थ मिळतो तो या नोंदीमुळे. नोंद वगळली तर हातात उरते ते कारण नसलेले चित्र.

ठाणे जिल्ह्याकडे वळताना प्रथम तुलनेची मर्यादा सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कची आपत्ती एक होती, प्रचंड होती आणि महिनोन्‌महिने एकाच जागी होती. आपल्याकडे आपत्ती हप्त्याहप्त्याने येते. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ लकी कंपाऊंडमधील इमारत कोसळून 74 जण दगावले. 26 मे 2016 रोजी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस एंटरप्रायझेसच्या स्फोटात 12 जणांचा मृत्यू झाला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतील जिलानी इमारत पडली. जुलै 2023 मध्ये ठाणे महापालिकेच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीच्या चिखलात उतरले, आणि 23 मे 2024 रोजी डोंबिवलीतच अमुदान केमिकल्सचा स्फोट झाला. मधल्या काळात कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीला वारंवार लागणाऱ्या आगी होत्याच. 2021 मध्ये ती भूमी बंद होईपर्यंत तो धूर शहराच्या आणि बंबावरच्या माणसांच्या नित्य परिचयाचा होता. सिमेंटची धूळ, रसायनांची वाफ, प्लास्टिकचा धूर, कुजलेला गाळ असे प्रत्येक वेळी विष वेगळे, पण त्याला सामोरे जाणारी दले बरीचशी तीच. न्यूयॉर्कचे प्रारूप जसेच्या तसे येथे बसणार नाही ते यामुळे. तेथे एका घटनेचा संपर्क मोजायचा होता, येथे एका सेवाकाळातील संपर्कांची बेरीज करावी लागेल.

तीव्र विषबाधेची दखल आपल्याकडे घेतली जाते. 1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याणच्या नेतिवली भागातील विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. ती घटना शहराच्या स्मरणात राहिली. परंतु हळूहळू साचणाऱ्या आणि निवृत्तीनंतर प्रकट होणाऱ्या हानीला दिनांक नसतो, म्हणून तिला बातमीही नसते. आपल्या राज्यात पालिका कर्मचारी साधारणतः 58 व्या वर्षी निवृत्त होतो. न्यूयॉर्कमधील अभ्यासांनी ज्या वयाकडे बोट दाखवले आहे, ते नेमके त्याच्या आसपासचे आणि लगतच्या काही वर्षांचे. या वयात माणूस डोंबिवलीची खोली मुलाकडे सोपवून साताऱ्याकडे किंवा कोकणात गावी जातो. तेथे तो रस्ता चुकला, एकच गोष्ट तीनदा विचारू लागला, तर घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. या म्हणीने आपल्या समाजात कितीतरी निदाने अडवून धरली असावीत. साठीही न गाठलेल्या माणसाला ती लावली जाते, तेव्हा ती शहाणपणाची उरत नाही.

प्रश्न भाषेचाही आहे, आणि विविध विद्याशाखांच्या अध्यापकांनी लक्ष घालावे असा तो आहे. बोधनक्षमतेच्या चाचण्यांत शब्द आठवणे, एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे, वाक्य जसेच्या तसे म्हणणे असे घटक असतात. त्यांचे नुसते भाषांतर पुरत नाही. इंग्रजीतील ‘एका अक्षराचे’ शब्द आणि बाराखडीत वाढलेल्या माणसाला सुचणारे शब्द यांची काठिण्यपातळी सारखी नसते. शिक्षणाच्या वर्षांप्रमाणे गुणही बदलतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेला चाचणीसंच 2020 मध्ये प्रसिद्ध झाला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्यात मराठी नव्हती. आगरी वळणाचे मराठी बोलणाऱ्या अग्निशामकासाठी प्रमाणित गुणपातळी ठरवणे हे काम मानसशास्त्राचे जितके, तितकेच भाषाविज्ञानाचे आणि संख्याशास्त्राचे आहे. ठाण्यात 1901 पासूनचे मनोरुग्णालय आहे, परिसरात महाविद्यालये आहेत. एम.आर.आय. यंत्रासाठी निधी मागण्यापूर्वी हे काम हाती घेता येण्याजोगे आहे, आणि ते स्वस्तही आहे.

दीर्घकालीन नोंद आपल्या देशाला अपरिचित आहे असे नव्हे. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर याच परिषदेने हजारो बाधितांचे गट नोंदवून पाठपुरावा सुरू केला होता. तो 1994 मध्ये थांबला. ज्या व्याधी दहा वर्षांनंतर डोके वर काढतात, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

अग्निशमन केंद्रात प्रत्येक वर्दीची नोंद होते: वेळ, ठिकाण, गेलेले बंब, परतीची वेळ. तिच्यात प्रत्येक जवानामागे चार रकाने वाढवावे लागतील: धुरात किंवा धुळीत काढलेले तास, समोर असलेल्या पदार्थाचे नाव, श्वसनयंत्र वापरले किंवा नाही, मृतदेह हाताळले किंवा नाही. आणि ते पान दलाच्या कपाटात न राहता जवानाच्या सेवापुस्तकात चढावे लागेल. 26 मे 2016 रोजी तिशीत असलेला जवान 2050 च्या आतबाहेर कोठल्या तरी मज्जाविकारतज्ज्ञासमोर बसेल. तेव्हा यंत्र आजच्यापेक्षा चांगले असेल, प्रतिमा अधिक स्वच्छ असेल. डॉक्टर विचारतील की पूर्वी कशाच्या संपर्कात आला होता, आणि हा प्रश्न ते अशा माणसाला विचारत असतील ज्याची आठवणच तपासायची आहे.