'सह' या उपसर्गाची उतरंड

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर माजी पदाधिकाऱ्यांचा फलक आहे. त्यावर कार्यवाह म्हणून माझे नाव आहे आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत, सहकार्यवाह म्हणून एका बाईंचे. अकरा वर्षे आम्ही दोघांनी ते काम पाहिले. किल्ल्या दोघांकडे, चेकवर सह्या दोघांच्या. पुस्तकांची दाखल-नोंदवही तर बहुतेक त्यांच्याच अक्षरातली. मागे त्या वारल्या. शोकसभेत एका वक्त्यांनी त्यांचा उल्लेख माझ्या 'मदतनीस' असा केला. वक्ते भले गृहस्थ. त्यांनी फलक वाचला होता, इतकेच. तेव्हापासून हा 'सह' माझ्या डोक्यातून गेलेला नाही. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे काही आहे ते जुने कागद आणि छापील पुस्तके वाचून मिळवलेले.

'सह' म्हणजे सोबत, बरोबर. अर्थात यात कुठेही खालचा-वरचा भाव नाही. पण मंत्रालयातली पदे पाहा. सचिवाखाली सहसचिव, त्याखाली उपसचिव, त्याखाली अवर सचिव. इथे 'सह' म्हणजे बरोबरीचा नव्हे, एक पायरी खालचा. दस्तनोंदणीच्या कार्यालयाबाहेर 'सह दुय्यम निबंधक' अशी पाटी असते. तिथे मात्र 'सह' बरोबरीचा आहे आणि कमीपणा 'दुय्यम'कडे गेला आहे. एकच उपसर्ग, दोन कार्यालये, दोन अर्थ. वर्तमानपत्रातला सहसंपादक संपादकाच्या हाताखाली असतो, पुस्तकावरचा सहलेखक कधी निम्म्याचा धनी असतो तर कधी नावापुरता. मराठी वाचणाऱ्याने हे संदर्भाने ओळखायचे. आणि संदर्भ नसेल, जसा फलकावर नसतो, तेव्हा वाचणारा खालचाच अर्थ घेतो.

मराठीला बरोबरीच्या अधिकाराचा शब्दच नव्हता, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. वतनी कागदांत 'निमे पाटीलकी' पानोपानी भेटते. पाटलाने अडचणीत निम्मी पाटीलकी विकली की गावाला दोन पाटील होत. वाटणीला 'तक्षीम' म्हणत, वाटेकऱ्याला तक्षीमदार. निमे हा शब्द किती स्वच्छ आहे! अर्धे म्हणजे अर्धे. तरी भांडणे चुकली नाहीत, कारण जमीन निम्मी करता येते, मान कसा करणार? मग कागदात एकेक कलम येई : होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, विडा आणि टिळा आधी कोणाला, कागदावर वरचे नाव कोणाचे आणि नांगराची निशाणी कोणी करायची. एकाला 'वडीलकी' देऊन दुसऱ्याला दुसरा एखादा मान द्यायचा, अशीही तड लावली जाई. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटते. मला नाही वाटत. त्या लोकांना ठाऊक होते की पद दोघांत वाटले तर शब्दाने भागत नाही, तपशील लिहावा लागतो. अर्थात हा अधिकार विकत घेतलेला किंवा वारशाने आलेला होता, आणि ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची कामे आली त्यांची वतनेही याच व्यवस्थेत होती, हे विसरून या शब्दाचे गोडवे गाता येत नाहीत.

१८७४च्या वतन कायद्याने वाटेकऱ्यांतून काम करणारा एकेक माणूस ठरवण्याची रीत पक्की केली. 'कामगार पाटील' हा शब्द त्याच व्यवहारातला. सरकारला उत्तर द्यायला एक माणूस हवा होता. १९६२ साली कायद्याने मुलकी पाटीलकीच गेली आणि 'निमे' हा पदवाचक शब्द कागदांत उरला.

दुसरा शब्द 'बारभाई'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांना बाजूला सारून सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींनी कारभार हाती घेतला. गादीवर १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर जन्मलेले तान्हे मूल. त्या मुलाच्या नावाने राज्य टिकले, इंग्रजांशी १७७६ साली पुरंदरचा तह झाला. पुढे बापूंना नानांनीच कैदेत टाकले, हेही खरे. पण आज 'बारभाई कारभार' म्हणजे काय? कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असा गोंधळ. ज्या मंडळाने संकटात राज्य सांभाळले त्याचेच नाव अनागोंदीला मिळाले. सामाईक नेतृत्वाविषयी आपल्या मनात जो अविश्वास आहे, तो मला या वाक्प्रचारात जितका दिसतो तितका कुठल्या ग्रंथात दिसत नाही. एक धनी असला की काम, अनेक असले की खेळखंडोबा. या समजुतीला 'सह' फार सोयीचा आहे : माणसे दोन ठेवायची आणि धनी एकच.

'उप'ची गोष्ट थोडक्यात सांगतो. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री नाही. १९७८मध्ये नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले ते दोन काँग्रेस पक्षांच्या आघाडीच्या गरजेपोटी. सत्ता खरोखर वाटून घ्यायची होती, पण हाताशी शब्द होता तो खालच्या पायरीचा. निमे मुख्यमंत्री म्हणायची सोय नव्हती.

यंदा आमचा फलक नव्याने रंगवायचा आहे. दोन्ही नावांपुढे नुसते 'कार्यवाह' लिहावे, असे पत्र मी समितीला दिले. समितीची हरकत नाही. फक्त उलटटपाली विचारणा आली आहे की, वर कोणाचे नाव घ्यायचे? मी बाईंचे घ्या म्हणून कळवले आहे.